तेरावा बंद

साखर पेठेतल्या त्या दुकानात टेप खोटं बोलत नसे.
गिऱ्हाईक हात पसरून उभं राहिलं
की तो छातीभोवती धामणीसारखा सरसरायचा,
मग माझ्या कानाशी येऊन हळूच सांगायचा:
अडतीस. आत तीन न टाकलेली पत्रं.
गळा साडेपंधरा, हुंदका धरून सतरा.
विडीच्या ठेकेदाराचं पोट चव्वेचाळीस,
दानत पाव इंच, तीही उसवलेली.

मी वहीत नुसते आकडे लिहायची.
लिहायचो, म्हणजे.
तिथं मी भूमय्या होतो.

खरा भूमय्या भिवंडीला गेला मागं दोन शर्ट ठेवून,
आणि एक नाव, कुणी न वापरता पडलेलं.
मी तिन्ही उचलली.
मुलींना काज-बटणाचं काम मिळतं, घरी नेऊन,
शेकड्याच्या भावानं.
कात्री मिळत नाही.
मला कात्री हवी होती.

शर्ट आत घेता आले. केस अम्मानंच कापले,
विड्या वळायच्या त्याच कात्रीनं, रडत, शिव्या देत.
अवघड गेली ती मराठी.
घरी तेलुगूत बोलताना ‘मी’ला ना मिशी असते ना वेणी,
आले काय, गेलो काय, एकच शेपूट.
दुकानात मात्र प्रत्येक वाक्य
शेवटाला येऊन मला पकडून द्यायला बघायचं.
भावाची क्रियापदं घातली मी, ढगळ,
खाली दुमडून, टाचण्या लावून.
महिनाभर तर खोकूनच वाक्यं संपवली.
मकबूल म्हणाला, मास्तर, पोराला टीबी झाला काय बे?

संक्रांत जवळ आली की बाराबंद्या शिवायच्या,
पांढऱ्याशुभ्र, बारा बंदांच्या, गड्ड्याच्या यात्रेसाठी.
चिन्नप्पाचा धाकटा पहिल्यांदा नंदीध्वज पेलणार होता.
टेप म्हणाला: कंबर एकोणतीस, भीती एकतीस.
मी अस्तरात एक टाका जास्तीचा घातला,
थुंकी लावून ओवलेला, उलटा.
त्या दिवशी त्यानं काठी अशी तोलली
की सिद्धेश्वर तळ्यातल्या माशांनी
पाण्याबाहेर डोकी काढून पाहिलं.
लोक म्हणाले, पोरात देव आला.
मी म्हणालो, असेल.

सगळ्यांची मापं घेतो तो शिंपी.
शिंप्याचं माप कोण घेतो?
याच एका वाक्यावर दोन वर्षं निभावली.

तिसऱ्या वर्षी दासरी मास्तर म्हणाले,
औंदा दुकानातल्या पोरांनाही बाराबंदी. माझ्याकडनं.
मकबूलचं झालं. त्याच्या मेहुण्याचं झालं.
मी म्हणालो, पोटात दुखतंय.
म्हणालो, भाच्याचं बारसं आहे.
म्हणालो, मला पांढरा रंग सोसत नाही.
मास्तरांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला,
दुसरा माझ्यावर.
हात वर कर.

टेप माझ्याभोवती फिरला आणि पहिल्यांदाच
माझ्या कानाशी आला नाही.
त्यांच्या कानाशी गेला.
बराच वेळ बोलत होता.
बाहेर कुणाचा तरी यंत्रमाग बंद पडला,
मग परत सुरू झाला.
मास्तर म्हणाले, मकबूल, लिही.
छाती तीस. बाही एकवीस.
उंची… उंची वाढती आहे, दोन इंच दाबून ठेव.

चौथ्या दिवशी बाराबंदी मिळाली कागदात गुंडाळून.
मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांआड
घालून पाहिली.
जिथं सैल हवी तिथं सैल.
जिथं कुणाला काही कळू नये तिथं
दुहेरी कापड, तिरकं कापलेलं.
एक ते बारा बंद बांधले,
तरी एक बोटाला लागला.
आतून, डाव्या काखेखाली,
जुन्या इरकलीच्या काठाचा, तांबडा.

बाहेर आल्यावर मास्तर मशीनवरच होते.
पाय थांबवला नाही, मान वर केली नाही,
त्या खडखडाटाखालून फक्त म्हणाले,
बसतंय का गं?

आणि लगेच, रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात:
काय बघायलास बे भूमय्या! दोरा संपलाय, दोरा!

मी दोरा आणायला गेले.